श्मश्रुधारी कृमींचा स्थाननिर्णय : अल्पज्ञात सागरी अपृष्ठवंशीयांच्या संशोधनातील काही प्रवाह

प्राणिविज्ञानाचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत बहुधा परिचित प्राण्यांचीच कथा येते. अल्पज्ञात सागरी अपृष्ठवंशीयांचा उल्लेख परिशिष्टवजा एखाद्या प्रकरणात उरकण्यात येतो. परंतु संशोधनपद्धतीचा इतिहास ज्यास पाहावयाचा असेल त्याला हीच उपेक्षित प्रकरणे अधिक उपयोगी पडतात. ज्या प्राण्याचे नमुने शेकडो प्रयोगशाळांत उपलब्ध असतात त्याच्याविषयीची चूक लवकर उघडकीस येते. ज्याचे मोजकेच नमुने दोनतीन संग्रहालयांतील बरण्यांत असतात, आणि ज्याचे अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, त्याच्याविषयी एकदा झालेले मत दीर्घकाळ टिकून राहते. ते मत कशाच्या आधारावर उभे होते आणि कोणत्या पुराव्याने ढळले, हे अशा प्रकरणात स्पष्ट दिसते.

या दृष्टीने श्मश्रुधारी अथवा पोगोनोफोरा या नावाने ओळखल्या गेलेल्या नलिकावासी कृमींचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १९१४ मध्ये त्यांचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत त्यांना एका नव्या कुलात, वलयी कृमींमध्ये, एका स्वतंत्र वर्गात, स्वतंत्र संघात आणि काही काळ दोन स्वतंत्र संघांतही स्थान देण्यात आले. अखेरीस ते पुन्हा वलयी प्राण्यांतील एक कुल म्हणून स्थिरावले. वरवर पाहता हा मतांचा निव्वळ गोंधळ वाटतो. वस्तुतः प्रत्येक स्थित्यंतरामागे पुराव्याचे एक नवे स्वरूप होते, आणि त्यांतील सर्वांत दीर्घकाळ टिकलेल्या मतामागे प्राण्याचे अपुरे शरीर होते.

१. संग्रहातील धागे

१८९९-१९०० या काळात डच शासनाच्या ‘सिबोगा’ या जहाजाने तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, समुद्रात शास्त्रीय पर्यटन केले. मॅक्स वेबर हे त्या मोहिमेचे प्रमुख होते. समुद्रतळ खरवडून काढलेल्या द्रव्यात धाग्यासारख्या बारीक नलिका आणि त्यांच्या आत राहणारे कृमी सापडले. हे नमुने फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस कोलेरी यांच्याकडे अभ्यासार्थ आले. १९१४ मध्ये कोलेरी यांनी जहाजाच्या नावावरून या प्राण्याच्या प्रजातीस ‘सिबोग्लिनम’ असे नाव दिले आणि सिबोग्लिनिडी हे नवे कुल स्थापन केले.

या प्राण्याच्या पुढच्या टोकाशी एकच लांब संस्पर्शक होता. परंतु मुख, अन्नमार्ग व गुदद्वार यांचा कोठेही मागमूस नव्हता. परोपजीवी प्राण्यांत अन्नमार्गाचा अभाव आढळतो. हा प्राणी मात्र स्वतःच्या नलिकेत स्वतंत्रपणे राहत होता. कोलेरी यांनी अशा स्थितीत जो संयम दाखविला तो उल्लेखनीय आहे. त्यांनी प्राण्याचे वर्णन केले, कुलाला नाव दिले, आणि ते कुल कोणत्या संघात घालावे हा प्रश्न मोकळा ठेवला. त्यांचा विस्तृत प्रबंध १९४४ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, सिबोगा मोहिमेच्या ग्रंथमालेत निघाला.

दरम्यान दुसऱ्या दिशेने एक नमुना पुढे आला होता. ओखोत्स्क समुद्राच्या खोल तळातून मिळालेल्या एका नलिकावासी कृमीचे वर्णन सोव्हिएत शास्त्रज्ञ पाव्हेल उशाकोव यांनी १९३३ मध्ये ‘लॅमेलिसॅबेला झॅक्साय’ या नावाने केले. या कृमीला पुष्कळ संस्पर्शक होते. वलयी प्राण्यांतील सॅबेलिडी कुलातील पिसाऱ्याच्या कृमींशी त्याचे साम्य पाहून उशाकोव यांनी त्याला त्याच कुलात घातले. स्वीडनमधील के. ई. योहान्सन यांनी त्याच सामग्रीचे सूक्ष्म छेद घेऊन पुन्हा परीक्षण केले आणि हे साम्य वरपांगी असल्याचे मत दिले. १९३७ मध्ये त्यांनी या प्राण्यासाठी ‘पोगोनोफोरा’ हा नवा वर्ग स्थापिला. ग्रीक भाषेत ‘पोगोन’ म्हणजे दाढी. संस्पर्शकांच्या झुबक्यावरून हे नाव सुचले. कोलेरी यांचा एकसंस्पर्शकी धागा आणि योहान्सन यांचा दाढीवाला कृमी एकाच समूहातील आहेत ही गोष्ट यानंतर हळूहळू मान्य झाली.

या पहिल्या टप्प्यातील संशोधनाचे स्वरूप वर्णनात्मक होते. सामग्री अत्यल्प होती. मोहीम एक करी, वर्णन दुसरा करी, आणि दोहोंच्या मध्ये वर्षानुवर्षे जात. जिवंत प्राणी कोणीही पाहिला नव्हता.

२. स्वतंत्र संघाची स्थापना

१९४४ मध्ये व्ही. एन. बेक्लेमिशेव्ह यांनी तुलनात्मक शरीररचनेवरील आपल्या ग्रंथात या प्राण्यांना स्वतंत्र संघाचा दर्जा दिला. या मताला भक्कम आधार मिळवून देण्याचे कार्य लेनिनग्राडचे ए. व्ही. इव्हानोव यांनी केले. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘व्हित्याझ’ या सोव्हिएत संशोधननौकेने वायव्य पॅसिफिकच्या खोल भागांतून मोठ्या प्रमाणावर नमुने गोळा केले होते. त्यांच्या आधारे इव्हानोव यांनी अनेक नव्या जाती व प्रजाती वर्णिल्या. त्यांचा प्रबंध १९६० मध्ये रशियन भाषेत व १९६३ मध्ये इंग्रजी भाषांतराच्या रूपाने प्रसिद्ध झाला. अल्पज्ञात समूहावर एका संशोधकाने केलेले इतके सांगोपांग काम क्वचितच आढळते.

इव्हानोव यांचा सिद्धांत समजण्यासाठी त्या काळच्या तुलनात्मक शरीररचनाशास्त्राची भूमिका ध्यानात घ्यावी लागते. द्विपार्श्व सममित प्राण्यांचे दोन मोठे गट मानले जातात. वलयी, संधिपाद व मृदुकाय प्राणी आद्यमुखी गटात येतात. कंटकचर्मी, अर्धरज्जुमान आणि रज्जुमान प्राणी द्वितीयमुखी गटात येतात. द्वितीयमुखींचे मूळ शरीर तीन भागांचे असून प्रत्येक भागात स्वतःची देहगुहा असते असा सिद्धांत प्रचलित होता. श्मश्रुधारी कृमींचे उपलब्ध शरीर तीनच भागांचे दिसे : पुढचा लहान संस्पर्शकधारी भाग, त्यामागील आखूड भाग आणि त्यानंतरचे अतिशय लांब धड. या तीन भागांत वेगवेगळ्या देहगुहा होत्या. भ्रूणांच्या छेदांत देहगुहा ज्या रीतीने निर्माण होताना दिसली, तीही इव्हानोव यांना द्वितीयमुखींसारखीच वाटली. म्हणून हा संघ अर्धरज्जुमान प्राण्यांच्या शेजारी बसविण्यात आला.

यात एक अडचण होती, आणि ती तर्कशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या प्राण्याला मुख नाही व अन्नमार्गही नाही, त्याची पाठ कोणती आणि पोट कोणते हे कशावरून ठरवावयाचे? शरीराच्या एका बाजूने मुख्य चेतारज्जू जातो, एवढेच दिसत होते. प्राणी द्वितीयमुखी मानल्यास ती बाजू पाठीची ठरे. वलयी मानल्यास तीच बाजू पोटाची ठरे. इव्हानोव यांनी तिला पाठ मानले. अशा रीतीने वर्गीकरणावरून शरीराची दिशा ठरली, आणि त्या दिशेच्या आधारे केलेल्या तुलना पुन्हा वर्गीकरणाच्या पुष्टीसाठी वापरल्या गेल्या. या वर्तुळातून बाहेर पडण्यास उपलब्ध सामग्रीत मार्ग नव्हता.

तरीही या मताचा प्रभाव मोठा होता. अमेरिकेतील लिबी हायमन यांनी अपृष्ठवंशीय प्राण्यांवरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेच्या १९५९ मधील पाचव्या खंडात पोगोनोफोरा हा स्वतंत्र संघ म्हणून घेतला. असा प्रमाणग्रंथ जे स्वीकारतो ते पाठ्यपुस्तकांत उतरते. विसाव्या शतकाच्या मध्यास एक संपूर्ण नवा संघ हाती लागावा याचे कुतूहलही अभ्यासकांत स्वाभाविकपणेच होते.

३. तुटलेला पश्चभाग

१९६३ मध्ये मायकेल वेब यांनी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेनजवळच्या राउनेफ्योर्ड या खाडीतून सिबोग्लिनमची एक नवी जाती वर्णिली. हे प्राणी दूरच्या महासागरी गर्तेत राहत नव्हते. किनाऱ्यालगतच्या चिखलात ते मिळत होते. ताजी सामग्री काळजीपूर्वक हाताळणे त्यामुळे शक्य झाले. पुढील वर्षी, १९६४ मध्ये, ‘सार्सिया’ या नियतकालिकात वेब यांचा चार पानांचा एक लेख आला. त्याचा विषय या जातीचे मागचे टोक एवढाच होता.

ज्याला आतापर्यंत शरीराचा शेवट समजण्यात येत होते तो शेवट नव्हताच. धडाच्या मागे आणखी एक आखूड भाग होता. तो अनेक लहान खंडांत विभागलेला होता, खंडांमध्ये पडदे होते, आणि खंडांवर शूक होते. हा भाग नलिकेच्या खालच्या टोकाशी, चिखलात खोल रुतलेला असतो. समुद्रतळ खरवडणारे जाळे नलिका वर ओढी तेव्हा हा नाजूक भाग तुटून तळाशीच राही. पन्नास वर्षांत संग्रहालयांत जमा झालेल्या नमुन्यांत तो आढळला नव्हता, आणि त्यांच्याच आधारे तीन भागांच्या शरीराचा सिद्धांत उभा राहिला होता.

खंडयुक्त देह आणि प्रत्येक खंडावर शूक हे वलयी प्राण्यांचे ठळक लक्षण होय. धडावर शूकांचे पट्टे असतात ही गोष्ट पूर्वीही नोंदली गेली होती. परंतु त्रिखंडी शरीराच्या चौकटीत तिला गौण स्थान मिळाले होते. आता तिचे महत्त्व पालटले. १९६७ मध्ये लिव्हानोव व पोर्फिरिएवा यांनी या प्राण्यांचे वलयी प्राण्यांशी असलेले नाते विस्ताराने मांडले. १९७५ मध्ये व्हॅन डेर लांड व नोरेव्हांग यांनी चेतारज्जूची बाजू ही पोटाचीच बाजू मानून श्मश्रुधारींच्या एका आप्ताला वलयी संघात घातले.

वाद मात्र लगेच मिटला नाही. भ्रूणविज्ञानाचा पुरावा अद्याप दुसऱ्या बाजूने सांगितला जात होता आणि संघाचा दर्जा ग्रंथांतून रूढ झालेला होता. एका चांगल्या निरीक्षणाने सिद्धांताचा पाया हलतो. परंतु त्यावर बांधलेली इमारत उतरविण्यास पुष्कळ वर्षे लागतात.

४. पोषणाचा प्रश्न

वर्गीकरणाच्या वादाइतकाच जुना दुसरा एक प्रश्न होता : हा प्राणी खातो काय? इव्हानोव यांनी असे सुचविले होते की संस्पर्शकांच्या मधल्या पोकळीत अन्नकण धरले जाऊन शरीराबाहेरच त्यांचे पचन होत असावे. एकच संस्पर्शक असलेल्या सिबोग्लिनमच्या बाबतीत ही कल्पना ओढूनताणून लावावी लागे. १९६० नंतरच्या दशकात प्रायोगिक शरीरक्रियाविज्ञान या क्षेत्रात आले. किरणोत्सर्गी समस्थानिकांनी अंकित केलेली द्रव्ये वापरून लिटल व गुप्ता यांनी १९६८ मध्ये, आणि इंग्लंडमधील प्लिमथ येथील ॲलन व ईव्ह साउथवर्ड या दांपत्याने त्या काळी व पुढे, हे प्राणी पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये त्वचेवाटे शोषून घेतात असे दाखविले. परंतु या शोषणावर प्राण्याची संपूर्ण गरज भागते काय, याविषयी शंका उरली.

या शंकेचे निरसन अनपेक्षित ठिकाणाहून झाले. १९७७ मध्ये पॅसिफिक महासागरात गॅलापॅगोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर ‘ॲल्विन’ या पाणबुडी यानातून भूवैज्ञानिकांनी समुद्रतळावरील उष्णोदकाचे झरे शोधून काढले. या झऱ्यांभोवती लाल तुऱ्यांच्या प्रचंड नलिकावासी कृमींची दाट वस्ती होती. त्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ नव्हते. जीवशास्त्रीय मोहीम १९७९ मध्ये गेली. हे कृमी दीड मीटरपर्यंत व त्याहूनही लांब वाढतात. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे मेरेडिथ जोन्स यांनी त्याचे ‘रिफ्टिया पॅकिप्टिला’ असे नामकरण केले. याचा एक लहान आप्त, लॅमेलिब्रॅकिया, वेब यांनी १९६९ मध्येच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेरील समुद्रातून वर्णिला होता. रिफ्टियालाही मुख वा अन्नमार्ग नव्हता. त्याचे धड एका मऊ ऊतकाने भरलेले होते.

या ऊतकात गंधकाचे स्फटिक आढळल्याचे जोन्स यांनी १९८० मध्ये एका व्याख्यानात सांगितले. श्रोत्यांत कोलीन कॅव्हेनॉ ही हार्वर्ड विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळविणारे जीवाणू या ऊतकात असले पाहिजेत असे अनुमान तिने केले, आणि सूक्ष्मदर्शकीय पुराव्यानिशी ते १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. त्याच वर्षी होर्स्ट फेलबेक यांनी त्या ऊतकात कार्बन डायऑक्साइडचे स्थिरीकरण करणारी एंझाइमे दाखविली. प्राणी आपल्या तुऱ्यातून ऑक्सिजन व सल्फाइड ही दोन्ही रक्तावाटे आत पोहोचवितो. जीवाणू त्यांच्या साहाय्याने सेंद्रिय द्रव्य तयार करतात. त्यावर प्राण्याचे पोषण होते. सूर्यप्रकाशाऐवजी रासायनिक ऊर्जेवर चालणाऱ्या सहजीवनाचे हे उदाहरण जीवविज्ञानात युगप्रवर्तक ठरले.

१९८१ मध्येच ईव्ह साउथवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी धाग्यासारख्या लहान श्मश्रुधारींच्या शरीरातही जीवाणू असल्याचे दाखविले. पुढे १९८७ मध्ये सिबोग्लिनमच्या एका जातीत मिथेन वापरणारे सहजीवी जीवाणू आढळले. ज्या कृमीच्या आहाराचे कोडे १९१४ पासून पडून होते त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या ऊतकांत होते. कोलेरी यांच्या काळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि असा प्रश्न विचारण्याजोगी जीवाणुविज्ञानाची तयारीही या क्षेत्रात नव्हती.

५. बालावस्था, रेणू आणि पुनःस्थापना

उष्णोदकाजवळच्या महाकाय कृमींमुळे नव्या संघाचा मोह पुन्हा उत्पन्न झाला. १९८५ मध्ये जोन्स यांनी त्यांच्यासाठी व्हेस्टिमेंटिफेरा हा स्वतंत्र संघ सुचविला. परंतु तीनच वर्षांत, १९८८ मध्ये, जोन्स व गार्डिनर यांनी आणि स्वतंत्रपणे ईव्ह साउथवर्ड यांनी या समूहातील बाल प्राण्यांचा अभ्यास करून एक निर्णायक गोष्ट समोर आणली. नुकत्याच स्थिरावलेल्या बाल प्राण्यास मुख व अन्नमार्ग असतो. वाढीबरोबर तो नाहीसा होतो. ज्या अवयवाच्या अभावामुळे पाठ व पोट ठरविता येत नव्हते तो अवयव आयुष्याच्या आरंभी अस्तित्वात होता. चेतारज्जू पोटाच्या बाजूचा आहे या मताला त्यामुळे बळकटी आली. हा अन्नमार्गच जीवाणूंचा प्रवेशमार्ग असावा असा तर्क त्यानंतर रूढ झाला. परंतु २००६ मध्ये नुसबाउमर, फिशर व ब्राइट यांनी जीवाणू त्वचेतून शिरतात असे दाखवून तोही दुरुस्त केला.

१९९० नंतरच्या दशकात रेणवीय पद्धती आली. प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांच्या अनुक्रमांची तुलना करून या कृमींचे नाते शोधण्याचे प्रयत्न जपान, युरोप व अमेरिका येथे झाले. १९९७ मध्ये मॅकह्यू यांनी श्मश्रुधारी हे वलयी प्राण्यांच्याच वंशवृक्षाची एक शाखा असल्याचा रेणवीय पुरावा मांडला. २००१ मध्ये ग्रेग राऊस यांनी शारीरिक लक्षणांच्या विश्लेषणातून दोन्ही तथाकथित संघ एकाच कुलात आणले, आणि अग्रक्रमाच्या नियमानुसार त्या कुलाचे नाव ठरले सिबोग्लिनिडी. हे कोलेरी यांनी १९१४ मध्ये दिलेलेच नाव होय.

या कुलाची मर्यादा त्यानंतरही विस्तारली. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरी उपसागरात सुमारे २,९०० मीटर खोलीवर पडलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावर हाडांत मुळे रोवून राहणारे कृमी सापडले. २००४ मध्ये राऊस, गॉफ्रेडी व व्रायेनहुक यांनी ‘ओसेडॅक्स’ या नावाने त्यांचे वर्णन केले. यांचे सहजीवी जीवाणू सल्फाइडवर न जगता हाडांतील सेंद्रिय द्रव्यावर जगतात, आणि सूक्ष्म आकाराचे नर मादीच्या नलिकेत राहतात. २००५ मध्ये याच प्रजातीची एक जाती स्वीडनच्या किनाऱ्याजवळ दीडशे मीटरांहूनही कमी खोलीवर आढळल्याची नोंद झाली. समुद्रविज्ञानाची परंपरा जेथे शतकाहून जुनी आहे अशा समुद्रातही या कुलाचा एक सभासद दृष्टिआड राहिला होता.

६. उपसंहार

या इतिहासातून वर्णन, तुलनात्मक शरीररचना, शरीरक्रियाविज्ञान, परिस्थितिविज्ञान व रेणवीय विश्लेषण असे संशोधनाचे पाच प्रवाह क्रमाने दिसतात. मात्र एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे समजणे चूक ठरेल. रेणवीय पद्धतीने वाद मिटविला हे मत प्रचलित आहे, आणि ते अंशतःच खरे आहे. वेब यांनी पश्चभाग दाखविला नसता व बाल प्राण्यांतील अन्नमार्ग सापडला नसता, तर अनुक्रमांवरून निघालेला निष्कर्ष शरीररचनेच्या ज्ञात वस्तुस्थितीशी विसंगत ठरला असता. उलट, शरीररचनेच्या पुराव्यावरून जे मतभेद तीन दशके चालू राहिले त्यांचा निर्णय स्वतंत्र पुराव्याविना झाला नसता.

उशाकोव यांनी १९३३ मध्ये दिलेले स्थानच अखेरीस बरोबर ठरले, म्हणून मधला काळ वाया गेला असेही म्हणता येत नाही. उशाकोव यांचा निर्णय बाह्य साम्यावर आधारलेला होता, आणि योहान्सन यांनी त्यावर घेतलेले आक्षेप त्या वेळच्या ज्ञानानुसार योग्य होते. निष्कर्ष तोच असला तरी त्याचे समर्थन बदलले, आणि विज्ञानात समर्थनालाच किंमत असते. इव्हानोव यांच्या प्रबंधाविषयीही असेच म्हणावे लागेल. त्यांचा सिद्धांत गेला, पण त्यांची जातिवर्णने व रचनेच्या आकृत्या पुढील अभ्यासकांना आधारभूत राहिल्या.

पदव्युत्तर संशोधकाने या प्रकरणातून घ्यावयाचा धडा अभावात्मक लक्षणांविषयीचा आहे. ‘मुख नाही’, ‘खंड नाहीत’, ‘चौथा भाग नाही’ ही विधाने निरीक्षणासारखी दिसतात. वस्तुतः नमुना पूर्ण आहे व आयुष्याच्या सर्व अवस्था पाहिल्या आहेत, ही दोन गृहीते त्यांत दडलेली असतात. श्मश्रुधारींच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते खोटी ठरली. नमुना कोणत्या साधनाने वर आणला, त्याच्या टोकांची स्थिती काय होती, प्राणी प्रौढ होता की बाल, या नोंदी संग्रहपत्रिकेवर तपशिलाने असत्या तर अभावावरून काढलेल्या अनुमानांस वेळीच मर्यादा पडली असती. वलयी प्राण्यांमध्ये या कुलाचे निकटतम आप्त कोणते यावर अद्याप एकमत नाही, आणि खोल समुद्राचा फार मोठा भाग अजून अनभ्यस्त आहे. तेथून वर येणारा पुढचा अनोळखी प्राणी ज्याच्या हाती पडेल, त्याने त्याला संघ बहाल करण्यापूर्वी त्याचे दुसरे टोक तपासून पाहावे.